सरहद्दीच्या दोन्ही बाजू : जळकोट-उदगीर पट्ट्यातील राज्यांच्या तुलनेचा इतिहास

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील जळकोट हा तालुका आज लातूर जिल्ह्यात मोडतो. त्याला नांदेड जिल्ह्यातील कंधार आणि मुखेड हे तालुके लागून आहेत, उदगीर ओलांडले की कर्नाटकातील बीदर जिल्हा लागतो आणि मुखेड-देगलूरच्या पुढे तेलंगणाची हद्द सुरू होते. तीन राज्यांच्या कडा इतक्या जवळ आलेल्या या भागात शेजारच्या राज्याशी आपल्या राज्याची तुलना करणे हे अलीकडच्या राजकारणाने शिकवलेले नाही. राज्ये बदलली, नावे बदलली, तुलना मात्र प्रत्येक पिढीने केली आणि तिचे माप प्रत्येक वेळी पाणी, बाजार आणि सरकारी कारभार आपल्या गावापर्यंत किती पोहोचतो हेच राहिले.

1956 पूर्वी उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके हैदराबाद संस्थानाच्या बीदर जिल्ह्यात होते. संस्थानच्या मुलखाला बोलीत 'मोगलाई' म्हणत आणि तिच्या पश्चिमेस बार्शी-सोलापूरचा इंग्रजी मुलूख होता. या दोन राजवटींमधला फरक व्यापाऱ्याला सर्वांत आधी जाणवे, कारण सरहद्दीवर करोडगिरी, म्हणजे मालाच्या आयात-निर्यातीवरील संस्थानी जकात, भरावी लागे, आणि नाणेही वेगळे असे. संस्थानचा 'हाली सिक्का' इंग्रजी रुपयापेक्षा हलका असून शंभर इंग्रजी रुपयांसाठी साधारण 116 ते 117 हाली रुपये मोजावे लागत. तरीही माल पश्चिमेकडेच जाई. बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये लातूरपर्यंत आली आणि या भागातील कापूस व तेलबियांना सोलापूर-मुंबईचा रस्ता खुला झाला. लातूरची पेठ वाढली ती दोन राजवटींच्या सांध्यावर बसल्यामुळे, हे तिच्या इतिहासात विसरले जाऊ नये.

राहणीमानाचा प्रश्न मात्र व्यापारापेक्षा अधिक कठीण होता. संस्थानाच्या सुमारे 40 टक्के क्षेत्रावर सर्फ-ए-खास (निजामाची खासगी मिळकत), पायगा (निजामाशी नात्याने जोडलेल्या सरदार घराण्यांची वतने) आणि जहागिरी पसरलेल्या होत्या, तेथे रयतेला दाद मागण्याची जागा अपुरी होती. कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग केला हे खरे, पण मराठी मुलाला ती भाषाही शिकूनच घ्यावी लागे. 'गश्ती निशाण 53' या हुकुमाने परवानगीशिवाय सभा भरवण्यास मनाई होती. इंग्रजी मुलूखही परकीयांचाच होता, तरी तेथे मराठी शाळा, वर्तमानपत्रे आणि सभा यांना जागा होती, आणि म्हणूनच शिकू पाहणारे सोलापूर-पुण्याकडे जात. 1947-48 मध्ये रझाकारांच्या (निजामाची सत्ता टिकवू पाहणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या) काळात अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून बार्शी, सोलापूर, उमरखेडकडे निघाली. कोणते राज्य राहण्याजोगे, याचा एवढा स्पष्ट कौल या भागात पुन्हा कधी दिला गेला नाही. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान भारतात विलीन झाले.

1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेत भाषेचे तत्त्व लावून बीदर जिल्ह्याचे हे तीन तालुके मुंबई राज्याला मिळाले, खुद्द बीदर म्हैसूरकडे गेले, आणि नांदेड जिल्हा मुंबई राज्यात येताना देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे, तसेच मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे राहिली. रेषा भाषेनुसार आखली गेली, पण नाती, सोयरिकी आणि बाजार तिच्या दोन्ही बाजूंना तसेच राहिले. उदगीरजवळच्या हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात देवणी आणि लाल कंधारी बैलांसाठी शेजारच्या राज्यांतील गिऱ्हाईक येते. देवणी ही जात महाराष्ट्राइतकीच बीदरकडच्या गोठ्यांतही पोसली गेली आहे.

आर्थिक भवितव्याच्या दृष्टीने या रेषेचा खरा परिणाम पाण्यावर झाला. मांजरा नदी बीड जिल्ह्यातील बालाघाटात उगम पावून लातूर-बीदरमधून जाते आणि अखेर गोदावरीला मिळते. तिच्यावर निजाम सरकारने 1923 ते 1931 या काळात निजामसागर बांधले आणि त्या पाण्यावर निजामाबाद जिल्ह्यात भात आणि ऊस उभा राहिला, बोधनला साखर कारखाना निघाला. नदीचा उगम मराठवाड्यात आणि ओलित तेलंगणात, ही विषमता संस्थानी काळातच तयार झाली होती. 1956 ने तिला राज्याची सीमा दिली. पुढे गोदावरीवर तेलंगणाच्या बाजूला पोचमपाडचे श्रीरामसागर धरण झाले आणि त्याच्या फुगवट्याच्या क्षेत्रात धर्माबाद तालुक्यातील बाभळीचा बंधारा येत असल्याने त्यावर दीर्घ वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2013 रोजी बंधाऱ्याला मान्यता दिली, परंतु 1 जुलै ते 28 ऑक्टोबर या काळात त्याचे दरवाजे उघडे ठेवण्याची अट घातली. म्हणजे ऐन पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा पाणी खाली सोडायचे आणि पावसाळा सरल्यावर जे येईल ते 2.74 अब्ज घनफुटांपर्यंत अडवायचे. मुखेड तालुक्यातील लेंडी हा आंतरराज्य प्रकल्पही पुनर्वसनाच्या प्रश्नावर अनेक दशके रखडला.

2 जून 2014 रोजी तेलंगण वेगळे झाल्यावर तुलनेला नवे रूप आले. 2018 पासून त्या राज्याने शेतीला चोवीस तास मोफत वीज आणि 'रयतु बंधू' योजनेतून एकरी हंगामाला 4,000 रुपये, पुढे 5,000 रुपये देण्यास सुरुवात केली, आणि धर्माबाद-बिलोलीकडील काही गावांतून तेलंगणात सामील होण्याची मागणी झाली. तेलंगणात तेव्हा सत्तेवर असलेल्या भारत राष्ट्र समितीने 5 फेब्रुवारी 2023 रोजी नांदेडमध्ये सभा घेतली ती या असंतोषावरच. मागणीमागची वेदना खरी होती, तिचे गणित मात्र अपुरे होते. ही मदत जमिनीच्या मालकीनुसार मिळे, त्यामुळे मोठ्या जमीनदाराला अधिक आणि कुळाने जमीन कसणाऱ्याला काहीच नाही अशी तिची रचना होती. जळकोट, मुखेड, कंधार या भागांतून ऊसतोडीला किंवा हैदराबादला बांधकामावर जाणारा भूमिहीन मजूर सीमारेषा सरकल्याने अशा योजनेचा लाभार्थी झाला नसता. तेलंगणाचे दरडोई उत्पन्न महाराष्ट्राहून अधिक आहे, पण त्याचा मोठा भार हैदराबाद आणि रंगारेड्डी या पट्ट्यावर आहे, जसा महाराष्ट्राचा मुंबई-ठाणे-पुण्यावर. नांदेडला लागून असलेला आदिलाबाद तेलंगणातही मागासच गणला जातो. राज्याच्या सरासरीवरून सीमेवरच्या गावाची स्थिती ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे. तालुका तालुक्याशी ताडून पाहिला पाहिजे, आणि तसे पाहिले की दोन्ही राज्यांच्या कडा आपापल्या राजधान्यांपेक्षा एकमेकींना जास्त मिळत्याजुळत्या दिसतात.

यातून महाराष्ट्राची जबाबदारी कमी होत नाही. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने मराठवाड्याकडे विशेष लक्ष देण्याचे वचन दिले होते, दांडेकर समितीने 1984 मध्ये अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत राहून गेलेला विकास, मोजून दाखवला, आणि घटनेच्या कलम 371(2) नुसार 1994 मध्ये मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ अस्तित्वात आले. त्या मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली आणि त्या वेळी त्याला मुदतवाढ मिळाली नाही.