हरिपूरची पेवं आणि सुजेचं पथ्य

मंडळी, सांगलीहून कृष्णा-वारणेच्या संगमाकडे निघालं की हरिपूर लागतं. इथं जमिनीत खोल पेवं खणलेली असत. तोंड अरुंद, पोट मोठं. त्यात हळद वर्षानुवर्षं राही, कीड लागत नसे. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कारण आत प्राणवायू उरलेला नसतो. काही तास तोंड उघडं ठेवायचं. २००५च्या महापुरात यातली बरीच पेवं हळदीसकट बुडाली. २०१८मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता सुजेकडे येऊ. आज गुडघा सुजला की आपण हळदीच्या गोळ्या शोधतो. आमच्या मते या वेडाची एक मुळी १९९५मध्ये आहे. मार्च महिन्यात अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने आव्हान दिलं, ३२ संदर्भ पुढे ठेवले, आणि १९९७मध्ये पेटंट रद्द झालं. मोठा विजय, यात वादच नाही! पण वाद जखमेपुरता होता. आपण मात्र हळद म्हणजे सगळ्याच सुजेवर उतारा, असं धरून बसलो.

जुने ग्रंथ असं म्हणत नाहीत, बरं का. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सुजेवर 'त्रिशोथीय' हा स्वतंत्र अध्याय आहे. सुश्रुत सूज कच्ची, पिकत आलेली की पिकलेली हे आधी ओळखायला सांगतो, कारण कच्ची कापणारा वैद्य त्याच्या लेखी दोषी. आणि सांधे सुजवणारा आमवात? माधवनिदान त्याचं मूळ पोटात शोधतं. अग्नी मंद, विरुद्ध आहार, बैठं आयुष्य, तुपातेलाचं जेवून लगेच व्यायाम. म्हणून पहिला उपाय लंघन, मग शेक; औषधांत सुंठ आणि एरंडेल पुढे. सुंठीचं आलं तर आपल्या साताऱ्याचंच पीक, कोरेगावकडे गेलात की शेतंच्या शेतं दिसतात. मानाचा फेटा मात्र सांगलीच्या हळदीला!

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सांधे सकाळी तासभर आखडत असतील, बोटं सुजत असतील, तर आधी डॉक्टरांकडे जा. संधिवातात उशीर झाला की सांधे वाकडे होतात, ते पथ्याने सरळ होत नाहीत. हळदीतलं कर्क्युमिन अंगात फार कमी शोषलं जातं. ते वाढवण्यासाठी केलेल्या जास्त मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली चिमूटभर हळद वेगळी.

मागच्या व्याख्यानानंतर एका आजींनी विचारलं होतं, "रात्री हळदीचं दूध घेऊ ना?" आजी, आमवाताच्या जुन्या अपथ्याच्या यादीत दही, मासे, गूळ आणि उडदाच्या शेजारी दूधही बसलंय.