नामांतर, टाजफेल आणि आपल्यातला ‘मी’

तुम्ही कधी १४ जानेवारीला आमच्या विद्यापीठाच्या गेटवर आला आहात का? नसाल तर एकदा या. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं त्या गेटसमोर हात जोडून उभी असतात. त्यातले कित्येक जण या विद्यापीठात शिकलेलेही नसतात. मग हे नाव त्यांना इतकं ‘आपलं’ का वाटतं?

मी मूळचा विज्ञान शाखेचा. सोडियमला तुम्ही काहीही नाव द्या, पाण्यात टाकल्यावर तो तसाच वागणार. माणसाचं तसं नसतं, हे मला जरा उशिराच कळलं.

ते समजायला हेन्री टाजफेल कामाला येतो. जन्म १९१९, पोलंडमधलं ज्यू कुटुंब. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना तो जर्मनांचा कैदी झाला. सुटून आला तेव्हा घरचे जवळपास सगळे मारले गेले होते. पुढे ब्रिस्टलमध्ये त्याने १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना सांगितलं की क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी तुम्हाला कोण आवडतो, त्यावरून तुमचे दोन गट केलेत. खरं तर वाटणी अंदाधुंद होती. मग इतरांना पैसे वाटायला सांगितले. स्वतःला काहीच मिळणार नव्हतं. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. एवढंच नाही, समोरच्या गटाशी फरक वाढणार असेल तर आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी त्यांना चाललं! यातूनच १९७९ मध्ये टाजफेल आणि जॉन टर्नर यांनी ‘सामाजिक ओळख सिद्धांत’ मांडला. सोप्या भाषेत: ‘मी कोण?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर ‘आम्ही कोण?’ यात असतं. गटाचा मान वाढला की माझा वाढतो.

आता परत आपल्या शहरात या. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ साली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाडा पेटला. दलित विद्यार्थ्यांसाठी ते नाव म्हणजे ज्ञानाच्या दारावर आपली नोंद. विरोधक म्हणत होते, ‘मराठवाडा’ ही आमची ओळख. निजामाच्या राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलेल्या प्रदेशाची. शब्द दोन्हीकडे एकच होता: अस्मिता.

इथेच नवा संशोधक फसतो. सिद्धांत हातात आला की ‘दोन गट, दोन अस्मिता’ असं लिहून तो मोकळा होतो. मीही पहिल्या मसुद्यात तेच केलं होतं. पण टाजफेलच्या प्रयोगात दोन्ही गट मुद्दाम बरोबरीचे ठेवले होते. त्यांच्यामागे जात नव्हती, जमीन नव्हती, गावाचा पाणवठा नव्हता. मराठवाड्यात हे सगळं होतं. जाळपोळ झाली ती दलित वस्त्यांची. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. नाव इतकं खोलवर का लागतं, ते सिद्धांत सांगतो. घर कुणाचं जळलं आणि का, ते इतिहासच सांगतो.

साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दोन्ही ओळखी एकाच पाटीवर आल्या. आज माझ्या ओळखपत्रावर ते नाव आहे आणि कुणी ‘कुठे शिकता?’ विचारलं की तेच तोंडात येतं.

तुम्ही संशोधन आराखडा लिहायला बसाल तेव्हा निवडलेल्या सिद्धांताला दोन प्रश्न विचारा. हा काय समजावतो? आणि ते समजावण्यासाठी याने प्रयोगशाळेबाहेर काय ठेवलं? माझ्या अनुभवात, दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच आपला विषय सापडतो.