सोंगाड्या

सोंगाड्या : तमाशातील विनोदी नट. संस्कृत नाटकातील विदूषकाशी त्याचे नाते जोडले जाते. पण विदूषक हा राजाचा ब्राह्मण मित्र, तर सोंगाड्या गावकुसाबाहेरून आलेला, रांगड्या बोलीत राजालाही खडसावणारा. तमाशाच्या आरंभीचा गण, म्हणजे गणेशस्तवन, झाल्यावर कृष्ण-गौळणींच्या प्रसंगात, म्हणजे गवळणीत, तो कृष्णाचा सवंगडी पेंद्या होतो. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट अडवायची, दाण (जकात) मागायचे आणि त्यांच्यासोबतच्या मावशीशी हुज्जत घालायची, हे त्याचे काम. लुगडे नेसून नाकावर बोट ठेवणारी ही मावशी म्हणजे पुरुष नटच. पुढे वगात, म्हणजे तमाशातील कथानाट्यात, सोंगाड्या शिपाई, हवालदार किंवा प्रधानाचा नोकर असतो. पूर्वी वगाचे संवाद लिहिलेले नसत. कथेचा सांगाडा ठाऊक असे, बाकी सारे हजरजबाबीपणावर. त्यामुळे गावातला ताजा प्रसंग, सावकार, पाटील त्याच रात्री बोलण्यात येत.

‘गाढवाचं लग्न’ या वगातील सावळ्या कुंभार दादू इंदुरीकरांनी अजरामर केला. सांगली जिल्ह्यातील कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’मध्ये हवालदारांची जोडी रंगवली, दोघांच्या सारख्या चेहऱ्यांतूनच निम्मा विनोद उभा राहत असे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातून दादा कोंडके यांनी हा बाज शहरी रंगभूमीवर गाजवला आणि 1971 च्या ‘सोंगाड्या’ चित्रपटाने तो पडद्यावर नेला. द्व्यर्थी बोलण्यावरून सोंगाड्याला हिणवणे अन्यायाचे आहे. सत्तेची टर उडवण्याची त्याची मुभा हेच त्याचे खरे सामर्थ्य होय.