दोन मोटारी, दोन काळ

बैल गाडी पुढून ओढतो. जुनी मोटार मात्र मागून रेटली जाई. इंजिन पुढे, पण त्याचा जोर एका लांब दांड्यातून मागच्या आसाला मिळे. अशा दोन मोटारींची आज गाठ घालून देतो. एक १९०८ सालची अमेरिकेतली फोर्ड 'मॉडेल टी', आणि दुसरी आपल्या कुर्ल्याला तयार झालेली फियाट, पुढे जिचे नाव 'पद्मिनी' पडले ती.

टीचे इंजिन जवळजवळ तीन लिटरांचे, पण ताकद अवघी २० अश्वशक्ती. कुर्ल्याच्या गाडीचे १०८९ घनसेंटिमीटरचे, ताकद मात्र सुमारे दुप्पट! टीला पेट्रोल चढवणारा पंपही नव्हता. टाकी बैठकीखाली, तेल आपल्या वजनानेच इंजिनात उतरायचे. उभा चढ लागला नि टाकीत तेल कमी असले, की गाडी बंद. मग काय? लोक ती वळवून उलटी चढवीत. हसू येते खरे, पण उपाय पक्का होता.

मला मोठे वाटते ते दुसरेच. तिकडचा शेतकरी टीचे एक मागचे चाक जॅकवर उचली, त्याला पट्टा जोडी आणि करवत नाहीतर पंप चालवी. मागच्या आसातल्या दातेरी चक्रांमुळे एक चाक जमिनीवर स्थिर राहून दुसरे फिरू शकते, म्हणून हे जमे. आणि गाडी त्याला परवडे: ८५० डॉलरची किंमत १९२५ पर्यंत २६० वर आली. १९१३ पासून सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली, तेव्हा सांगाड्याला लागणारे साडेबारा तास दीड तासावर आले. कामगार मात्र त्या एकसुरी कामाला विटून पळू लागले; १९१४ साली रोजाला पाच डॉलर देऊ करून त्यांना टिकवावे लागले. १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या निघाल्या.

आपल्याकडे तऱ्हा निराळी. परवान्यांच्या त्या काळात गाड्या थोड्या निघत, नाव नोंदवून माणूस वर्षानुवर्षे वाट पाही. शेतकऱ्याच्या अंगणात ती क्वचितच आली. मुंबईला गेलेल्या खेडुताला ती भेटली काळीपिवळी टॅक्सी म्हणून. कोपऱ्यावरचा मिस्त्री पाना-हातोडा घेऊन ती दुरुस्त करी, आणि टॅक्सीवाल्याचे घर तिच्यावर चाले. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ अखेर उतरली.