किल्ली कोणाच्या हातीं द्यावी?

आयकराचे कागद, घराचें खरेदीखत, डॉक्टरांचा अहवाल असलें सारें ईमेलला जोडून पाठविण्याचा परिपाठ आतां घरोघर आहे. सावध मनुष्य जोडलेल्या फायलीला कुलूप घालतो, आणि पुष्कळदां त्याच पत्रांत पासवर्डही लिहून मोकळा होतो. पेटीला भक्कम कुलूप लावावें आणि किल्ली तिच्याच कडीला बांधावी, तशांतला हा प्रकार! पण त्याला हंसण्यापूर्वीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, किल्ली पाठवावी कशी, हा प्रश्न राजेरजवाड्यांनाही शतकानुशतकें सुटला नव्हता. सांकेतिक लिपि कितीही बिकट असो, तिची किल्ली आधीं विश्वासू जासुदाबरोबर पोंचवावी लागे. जासूद फितला कीं सारेंच संपलें.

१९७६ सालीं व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनीं या कोड्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें. कुलूप लावण्याची किल्ली एक आणि उघडण्याची दुसरीच असेल, तर पहिली चव्हाट्यावर टांगली म्हणून काय बिघडलें? पुढच्याच वर्षीं रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या त्रयीनें दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारांतून तशी जोडी सिद्ध केली. गुणाकार करणें सोपें. त्यावरून त्या दोन संख्या हुडकणें महाकठीण. ब्रिटिश सरकारच्या गुप्त खात्यांत क्लिफर्ड कॉक्स यांना हीच युक्ति १९७३ मध्येंच साधली होती. पण ती १९९७ पर्यंत जाहीर झाली नाहीं, आणि तिची मूळ कल्पना मांडणारे जेम्स एलिस त्या जाहीर होण्यापूर्वीं अवघे कांहीं आठवडे आधीं वारले.

ही विद्या सामान्य माणसाच्या मेजावर आणली फिल झिमरमन यांनीं. १९९१ सालीं त्यांनीं ‘पीजीपी’ नांवाची आज्ञावली फुकट वांटली. तिच्यांत दस्तऐवज एकदांच वापरावयाच्या किल्लीनें बंद होतो, आणि ती चिमुकली किल्ली, घेणाऱ्याच्या जाहीर किल्लीनें बंद होऊन, त्याच पाकिटांतून जाते. म्हणजे किल्ली पेटीबरोबरच, पण स्वतः कुलुपांत!

अमेरिकन कायदा मात्र त्या काळीं बळकट सांकेतिक लिपीची गणना युद्धसामग्रींत करी. आज्ञावली परदेशीं पोंचली, आणि झिमरमन यांच्यामागें १९९३ पासून चौकशीचा ससेमिरा लागला. तुरुंगाची छाया डोक्यावर होती. तेव्हां एक नामी तोड निघाली. १९९५ सालीं एमआयटीच्या मुद्रणसंस्थेनें ती आज्ञावली अक्षरशः ग्रंथरूपानें छापली. चकती परदेशीं धाडणें गुन्हा. ग्रंथ धाडण्यास कोण अडविणार? मला तर या साऱ्या इतिहासांतला हाच प्रसंग सर्वांत रम्य वाटतो. जानेवारी १९९६ मध्यें आरोप न ठेवतांच चौकशी आटोपली. पुढील आवृत्तीचे ग्रंथही युरोपांत गेले आणि पानें यंत्रानें टिपून पुन्हां आज्ञावली बनली.

एक शंका उरतेच: जाहीर किल्ली खरोखर आपल्या मित्राचीच कशावरून? त्यासाठीं प्रत्येक किल्लीला ठशासारखी एक आंकडे-अक्षरांची ओळ असते. मित्राला टेलिफोन करावा, त्यानें ती वाचावी, आपण ताडून पाहावी. आणि हो, पत्राच्या विषयाची ओळ पीजीपीमध्यें पुष्कळदां उघडीच राहते. तेथें खरेदीखताचा उल्लेख करूं नये.