इसाराचे शेवटचे १२४ तास

उरले १२४ तास. गुरुवार, १९ मार्च २०२०, रात्री ८

पंतप्रधानांचं भाषण टीव्हीवर सुरू आहे. येत्या रविवारी, २२ तारखेला, सकाळी ७ ते रात्री ९ जनता कर्फ्यू. ऐकणारा हिशेब करतो तो त्या एका दिवसाचा. पुढच्या दोन महिन्यांचा विचार अजून कुणाच्या डोक्यात नाही.

पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडून दहा दिवस झालेत. १३ मार्चपासून राज्यात १८९७ चा साथरोग कायदा लागू आहे. १७ तारखेला मुंबईत राज्यातला पहिला मृत्यू झाला. पण मुंबई-पुणे बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईहून लांब, आणि मार्चचा तिसरा आठवडा म्हणजे इथे लग्नसराईच्या तोंडावरचे दिवस. जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गाड्या गावाकडे वळतात, हातात चार पैसे असतात, आणि मग घरोघर मांडव पडतात. एप्रिल-मे हे दोन महिने मंडपवाल्याचे, आचाऱ्याचे, बँडवाल्याचे आणि फोटोवाल्याचे. वर्षभराचं पोट याच दोन महिन्यांवर चालतं. बाकीच्या दिवसांत शाळांची स्नेहसंमेलनं, बारसं, वास्तुशांत, योगेश्वरीचा मार्गशीर्षातला उत्सव, नोव्हेंबरातला यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह. कामं असतात, पण घर चालतं ते लग्नांवर.

ही लग्नं कधीच बुक झालेली आहेत. तारीख ठरली, कार्यालय मिळालं, की घरातला जाणता माणूस फोटोवाल्याच्या स्टुडिओत जातो, भाव ठरवतो आणि इसार टेकवतो. फार तर एका छापील पावतीवर नाव, तारीख आणि रक्कम. लग्न झालंच नाही तर या पैशांचं काय, ही ओळ त्या पावतीवर नसते. कोण कशाला लिहील? शुभकार्याच्या आधी असलं काही बोलायचं नसतं, ही आपली रीत. आणि ही रीत मला या साऱ्या व्यवहारातली सगळ्यात महाग गोष्ट वाटते.

उरले ६५ तास. रविवार, २२ मार्च, सकाळी ७

रस्ते मोकळे. मंडी बाजार बंद. योगेश्वरीच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर माणूस नाही.

या गावाला थांबलेलं लग्न नवं नाही. लोककथा अशी सांगतात, की कोकणातून आलेली योगेश्वरी परळीच्या वैद्यनाथाला दिली होती. वऱ्हाड इथवर पोचलं, पण मुहूर्त टळला. देवी कुमारिका म्हणून इथेच राहिली आणि वऱ्हाडाचे दगड झाले. जयवंती नदीकाठी हत्तीखान्याची लेणी आहेत, दगडी हत्ती आहेत. लोक त्याला जोगाईचा मांडव म्हणतात. परळी इथून जेमतेम २५ किलोमीटर. एवढ्या अंतरासाठी राहून गेलेल्या लग्नाची गोष्ट या गावानं पिढ्यान् पिढ्या जपली आहे.

रविवार रिकामा आहे, तर या धंद्याची बांधणी नीट पाहून घेऊ. पुढे जे कोसळलं ते तिच्यामुळेच सगळ्यात खालच्या माणसावर कोसळलं.

आजचं लग्नाचं काम एका माणसाचं राहिलेलं नाही. एक ट्रॅडिशनल फोटोवाला, जो अक्षतांपासून आहेरापर्यंत प्रत्येक पाहुण्याला स्टेजवर उभं करून टिपतो. एक ट्रॅडिशनल व्हिडिओवाला, ज्याचा कॅमेरा मंगलाष्टकं संपेपर्यंत बंद होत नाही. एक कॅन्डिडवाला. एक सिनेमॅटिकवाला, गिंबल घेऊन फिरणारा. वर ड्रोन. मोठं लग्न असेल तर एलईडी वॉल आणि ती चालवणारा मिक्सरवाला. मागे एडिटर, आणि अल्बम छापणारी लॅब. स्टुडिओच्या मालकाकडे यातली एक-दोन माणसं घरची. बाकीची तो रोजावर बोलावतो, कुणी लातूरहून, कुणी परळीहून, कुणी केजहून. दाट तिथीला सगळ्यांनाच सगळे हवे असतात, म्हणून ही माणसं महिना-दोन महिने आधी फोनवर अडवून ठेवावी लागतात.

आता पैशाची वाट पाहा. वधूपित्याकडून इसार स्टुडिओकडे येतो. तो तिथे थांबतो. रोजावर येणाऱ्या फ्रीलान्सरला इसार देण्याची पद्धत नाही. त्याला व्हॉट्सॲपवर तारीख येते, तो ‘फिक्स’ लिहितो, आणि त्या दिवसाचं दुसरं काम सोडून देतो. काम झाल्यावर रोज मिळतो. तोही बऱ्याचदा पार्टीनं अल्बम उचलून बाकी चुकती केल्यावर. मात्र कॅमेरा त्याचा स्वतःचा, आणि पुष्कळदा हप्त्यावर घेतलेला. लेन्स त्याची, फ्लॅश त्याचा, गाडीचं पेट्रोल त्याचं. सगळ्यात जास्त भांडवल ज्याच्या खांद्याला लटकलेलं असतं, त्याच्याच हातात कागद नसतो.

उरले ५५ तास. संध्याकाळी ५

थाळ्या, टाळ्या, शंख.

उरले ५१ तास. रात्री ९

ठरलेली वेळ संपली, पण मोकळीक आली नाही. राज्यातल्या सगळ्या नागरी भागांत जमावबंदी लागू होत असल्याचं मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी आज जाहीर केलं आहे: पाचपेक्षा जास्त माणसं एकत्र यायची नाहीत. प्रवासी रेल्वे ३१ मार्चपर्यंत बंद. अंबाजोगाईला रेल्वे नाही. जवळची स्टेशनं घाटनांदूर आणि परळी. तिथे उतरणारे पाहुणे आता येणार नाहीत.

पाच माणसांत अंतरपाट धरायलाही कुणी उरत नाही.

उरले सुमारे ३० तास. सोमवार, २३ मार्च, संध्याकाळ

राज्यभर संचारबंदी. जिल्ह्यांच्या सीमा बंद.

कार्यालय बंद असलं तर दारात मांडव घालता येतो. पाहुणे आले नाहीत तर घरच्यांत लग्न लागतं. पण सीमा बंद झाली की लातूरचा कॅन्डिडवाला अंबाजोगाईला येऊ शकत नाही, आणि अंबाजोगाईचा ड्रोनवाला लातूरला जाऊ शकत नाही. लातूर दुसरा जिल्हा. या भागातल्या फोटोग्राफरला जिल्ह्याची हद्द कधी आडवी आली नव्हती. त्याचं शिवार तारखेवर ठरायचं.

इथून फोन सुरू होतात. हे फोन राज्यातल्या प्रत्येक तालुक्यात झाले आणि त्यांचा सूर बहुतेक एकच होता.

“दादा, लगीन पुढं ढकलावं लागतंय. ते इसाराचं कसं करता?”

“मामा, तारीख कळवा, त्यातच धरू.”

“आन् तारीखच नाही निघाली तर?”

या तिसऱ्या वाक्याला उत्तर नव्हतं. मामांनी पोरीच्या लग्नासाठी जमवलेला पैसा, आणि दादांनी त्यातून कधीच भरलेला कॅमेऱ्याचा हप्ता. दोघांपैकी लबाड कुणीच नाही.

उरले ४ तास. मंगळवार, २४ मार्च, रात्री ८

आज फाल्गुन अमावास्या. रात्री बारापासून सगळा देश २१ दिवस बंद, असं पंतप्रधान सांगतात.

या चार तासांत किराण्याच्या दुकानांपुढे गर्दी झाली. स्टुडिओच्या टेबलावरच्या डायरीत मात्र एक प्रश्न उघडा पडला होता, आणि त्याचं उत्तर १४८ वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं.

भारतीय करार कायदा, १८७२. कलम ५६ सांगतं, की करार झाल्यावर ते काम अशक्य किंवा बेकायदा झालं तर करार त्या क्षणी शून्य होतो. कलम ६५ सांगतं, की करार असा शून्य झाला की त्याखाली ज्याच्या पदरात जे पडलं ते त्यानं परत करायचं किंवा त्याची भरपाई द्यायची. सर्वोच्च न्यायालयानं १९५४ साली, सत्यव्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगूर या खटल्यात, ‘अशक्य’चा अर्थ आणखी मोकळा केला: काम अक्षरशः अशक्यच व्हायला हवं असं नाही, करार ज्या पायावर उभा होता तो पाया गेला तरी पुरे.

समारंभ रद्द झाल्याची या विषयातली गाजलेली गोष्ट लंडनची आहे. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुका २६ आणि २७ जून १९०२ ला निघायच्या होत्या. त्या पाहण्यासाठी एका गृहस्थानं मिरवणुकीच्या वाटेवरच्या खोल्या त्या दोन दिवसांपुरत्या ७५ पौंडांना ठरवल्या आणि २५ पौंड आगाऊ दिले. २४ तारखेला राजावर शस्त्रक्रिया झाली, मिरवणुका पुढे गेल्या. बाकीच्या ५० पौंडांसाठी घरमालक कोर्टात गेला आणि १९०३ साली हरला. करार खोल्यांचा दिसत असला तरी त्याचा पाया मिरवणूक होता, असं न्यायाधीशांनी म्हटलं. मात्र आगाऊ दिलेले २५ पौंड घरमालकाकडेच राहिले. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात पैसा जिथे असेल तिथेच राहायचा. तो नियम १९४३ मध्ये बदलला. आपल्याकडचं कलम ६५ त्याच्या किती तरी आधी न्यायाचं बोलत होतं.

मग मामांना सगळा इसार परत? मला तसं वाटत नाही. प्री-वेडिंगचं शूटिंग झालं असेल तर ते काम झालेलं आहे, त्याचे पैसे फोटोग्राफरचे. उरलेली रक्कम मात्र, लग्न होणारच नसेल तर, घराची आहे. “आम्ही तुमची तारीख अडवून ठेवली होती” हा स्टुडिओवाल्यांचा युक्तिवाद एरवी रास्त असतो. पार्टीनं स्वतःच्या मर्जीनं लग्न मोडलं, दुसरा स्टुडिओ केला, तर इसार बुडालाच पाहिजे, कारण त्या तिथीची दुसरी ऑर्डर हातची गेलेली असते. पण २४ मार्चच्या रात्री कुठलीच दुसरी ऑर्डर उरली नव्हती. सगळ्या तारखा एकदमच मेल्या होत्या.

आणि तारीख अडवल्याचे पैसे स्टुडिओनं ठेवलेच, तर माझा प्रश्न पुढचा आहे. तारीख अडवून घेणारा स्टुडिओ एकटा होता का? ‘फिक्स’ लिहून बसलेल्या केजच्या पोराचीही तीच तारीख अडली होती. तोंडी करारही आपल्याकडे करारच असतो, व्हॉट्सॲपवरचा शब्दही पुरावा होतो. पण कलम ५६ त्यालाही तितकंच लागू. कायद्यानं त्याला द्यायला कुणी बांधील नाही, आणि त्यानं परत करायलाही काही नाही, कारण त्याला दिलंच काही नव्हतं. फ्रीलान्सर बोलावताना इसारातला त्याचा वाटा त्याच दिवशी त्याच्या खात्यावर जायला हवा, आणि पावतीवर एक ओळ हवी: सरकारी आदेशानं, साथीनं किंवा घरातल्या मृत्यूनं कार्यक्रम झाला नाही, तर किती परत, किती दिवसांत, आणि पुढच्या तारखेला भाव कोणता. ही ओळ लिहायला पाच मिनिटं लागतात. अपशकुनाच्या भीतीनं ती टाळली जाते, आणि मग वर्षानुवर्षांचे संबंध त्या न लिहिलेल्या ओळीवर तुटतात.

शून्य. मध्यरात्र

२५ मार्च. गुढीपाडवा. साडेतीन मुहूर्तांतला एक, नवा कॅमेरा घ्यायचा, नव्या स्टुडिओचं उद्घाटन करायचा दिवस.

बंदीच्या २१ दिवसांत काय काय गेलं? २ एप्रिलची रामनवमी, ६ एप्रिलची महावीर जयंती, ८ एप्रिलची हनुमान जयंती. शेवटचा दिवस १४ एप्रिल, म्हणजे बाबासाहेबांची जयंती. मिरवणुकीच्या व्हिडिओचं काम ज्या एका दिवशी अनेकांना मिळतं तो दिवस. त्याच दिवशी बंदी ३ मेपर्यंत वाढली आणि २६ एप्रिलची अक्षय तृतीयाही त्यात गेली. ऊसतोड कामगार कारखान्यांवर अडकून पडले होते. त्यांना गावी परतायची परवानगी एप्रिलच्या मध्यावर मिळाली. ज्या घरांत लग्न निघायचं ती घरंच उसाच्या फडात होती.

२७ मार्चला रिझर्व्ह बँकेनं हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली. व्याज मात्र चालूच राहिलं.

मे महिन्यात लग्नाला ५० माणसांची परवानगी आली. ५० माणसांच्या लग्नाला ड्रोन लागत नाही, एलईडी वॉल लागत नाही. मालक स्वतः एक कॅमेरा घेऊन गेला, फोटोही त्यानंच काढले, व्हिडिओही. रोजावरची माणसं घरी राहिली.

ज्यांनी “पुढच्या वर्षी धूमधडाक्यात करू” म्हणून इसार तसाच ठेवला होता, त्यांच्या तारखा २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये पडल्या. २२ एप्रिल २०२१, पुन्हा रात्री ८ पासून, राज्याचा नवा आदेश लागू झाला: लग्न एकाच सभागृहात, २ तासांत, २५ माणसांत, मोडलं तर ५० हजार रुपये दंड. त्या आठवड्यात या गावात लग्नाच्या गोष्टी बोलायची सोय नव्हती. स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातून एकाच रुग्णवाहिकेत २२ मृतदेह स्मशानात नेल्याची बातमी एप्रिलच्या अखेरीस अंबाजोगाईहून देशभर गेली. आदेश कडक होता आणि तो तसाच असायला हवा होता.

तरी काही घरांत लग्नं लागली. पंचवीस माणसांत दोन्हीकडचे आईवडील, मामा, भटजी. कॅमेरावाल्याला आत घ्यायचं तर घरचं एक माणूस बाहेर ठेवावं लागे. बऱ्याच घरांनी घरचं माणूस निवडलं आणि अक्षता पडताना धाकट्या भावाच्या हातात मोबाइल दिला. वर्षभरापूर्वी दिलेला इसार तोवर स्टुडिओकडेच होता, त्याची पावतीही घरात होती, आणि ती ओळ त्यावर अजूनही नव्हती.