राक्षसाचे बळ कशात?

मराठी घरातील मुलाला राक्षस प्रथम भेटतो तो आजीच्या गोष्टीत. सात समुद्रांपलीकडे एक झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा प्राण. राक्षस अंगाने केवढाही धिप्पाड असो, पोपटाची मान मुरगळली की तो संपला. राक्षसाचे बळ आणि त्याचे वर्म ही दोन्ही अशी एकाच गोष्टीत सांगितलेली असतात. हाच राक्षस १९७५ साली अमेरिकेतील एका खेळात जाऊन बसला आणि तेथे त्याच्या बळाचा व वर्माचा हिशेब चक्क आकड्यांत मांडण्यात आला. तो हिशेब कितपत बरोबर उतरला, हे पाहणे मोठे बोधप्रद आहे.

नकाशावर सैन्य मांडून आणि फासे टाकून लढाईचा अभ्यास करण्याची पद्धत प्रशियात १८२४ साली छापील नियमांनिशी रूढ होऊ लागली. पुढे तिचे खेळ झाले. या खेळांच्या नादी लागलेल्या गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा नवा खेळ प्रसिद्ध केला. तो विस्कॉन्सिन प्रांतातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातून निघाला व पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या हजार होत्या. मेजाभोवती चारपाच जण बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी पुरोहित. एक जण सूत्रधार. वाटेत कोणते भूत, पिशाच्च वा पशू आडवा येतो हे तो सांगतो आणि त्यांच्या वतीने खेळतो. कोणाचा घाव लागला व कोणाचा चुकला, याचा निर्णय फासे देतात. म्हणून प्रत्येक प्राण्याचे कवच किती, जीव किती चिवट आणि एका घावाने इजा किती, हे आधी लिहून ठेवावे लागते.

या खेळाच्या प्रकाशकांचे 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' नावाचे नियतकालिक होते. त्याच्या डिसेंबर १९७५ च्या अंकात राक्षस प्रथम अवतरला. १९७७ साली निघालेल्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या ग्रंथात त्याला कायमची जागा मिळाली. तेथे चित्रकार डेव्हिड ट्रॅम्पिअर यांनी त्याला वाघाचे डोके दिले आणि एखाद्या सुखवस्तू गृहस्थाप्रमाणे चिलीम ओढीत बसविले. वाल्मीकीचे राक्षस नानामुखी आहेत. परंतु वाघतोंड्या राक्षसाचे हे एकच रूप त्या खेळात रूढ झाले, ते या एका चित्रामुळे.

आता आकडे पाहावे. त्या ग्रंथात कवचाचा अंक जितका लहान तितके संरक्षण अधिक. उघड्या अंगाच्या माणसाचा अंक १०, पोलादी चिलखत व ढाल घेतलेल्या योद्ध्याचा २, आणि राक्षसाचा शून्याच्याही खाली, उणे ४. साध्या शस्त्राने त्याला ओरखडासुद्धा येत नाही. मंत्रसिद्ध शस्त्रांपैकी हलक्या प्रतीची त्याला निम्मीच इजा करितात. मांत्रिकांच्या मंत्रांच्या नऊ पायऱ्या. त्यांतील पहिल्या सात त्याच्यापुढे व्यर्थ. एवढे अभेद्य शरीर असलेल्याचा प्रहार मात्र किरकोळ आहे. दोन पंजे व एक चावा मिळून त्याच्याकडून फार तर ११ ची इजा होते. त्याच ग्रंथातील जवळजवळ तितक्याच चिवटपणाचा ट्रोल नावाचा दैत्य एका फेरीत २८ पर्यंत इजा करू शकतो.

वरवर पाहणारा म्हणेल की हा प्राणी बेतणाऱ्याचा हात चुकला. परंतु तसे नाही. राक्षसाचे खरे शस्त्र निराळ्याच रकान्यात आहे. तो समोरच्याच्या मनातील विचार ओळखतो आणि त्याला जो विश्वासू वाटेल त्याचेच रूप घेऊन पुढे येतो. जो मित्र म्हणून पंक्तीला बसतो, त्याला ट्रोलच्या पंजांची गरज काय? सूत्रधाराने त्याला दरवाजा फोडून आत आणिले तर तो सामान्य प्रतीचा लढवय्या ठरतो. पाहुणा म्हणून आणिले तर त्याच्याइतका घातकी शत्रू त्या ग्रंथात क्वचितच सापडेल.

आपल्याकडील वाचकाला येथे मारीच आठवल्यावाचून राहत नाही. मारीच सुवर्णमृग होऊन आला आणि रामाच्या एका बाणाने मेला. लढाई म्हणून पाहिली तर ती लढाईच नव्हे. परंतु मरताना त्याने रामाच्या आवाजात हाक मारिली, लक्ष्मण पर्णकुटी सोडून गेला आणि भिक्षेकऱ्याच्या वेषात रावण दारात उभा राहिला. मारीच मेला, पण ज्यासाठी आला होता ते काम झाले. राक्षसाचे बळ त्याच्या दंडात नसून दुसऱ्याच्या विश्वासात असते, हे मर्म त्या अमेरिकन ग्रंथकारांच्या हाती बरोबर लागले होते.

मात्र ते त्यांच्या हाती लागले ते रामायणातून नव्हे, असे दिसते. डिसेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर 'कोलचॅक : द नाइट स्टॉकर' या मालिकेचा एक भाग दाखविला गेला. त्यातील राक्षस बळीच्या विश्वासातल्या माणसाचे रूप घेतो आणि मंत्रून दिलेल्या आडव्या धनुष्याच्या बाणाने मरतो. वर्षभराने खेळात आलेल्या राक्षसाचे वर्म नेमके तेच होते : पुरोहिताने अभिमंत्रित केलेला तसा बाण लागला की तत्काळ मृत्यू.

या वर्माचा गुण असा की ते आपल्या पुराणांच्या रीतीला धरून आहे. रावणाने देव, गंधर्व, यक्ष यांच्यापासून अभय मागितले, पण माणसाला तुच्छ लेखून वगळिले. तेथेच त्याचा पोपट होता. दोष असा की खेळणाऱ्यांना हे रहस्य एकदा कळले की पुढच्या प्रत्येक राक्षसाचे मरण स्वस्त होते. म्हणून २००३ च्या सुधारलेल्या आवृत्तीत हा तात्काळ मृत्यू काढून टाकण्यात आला. २०१४ च्या ग्रंथात सज्जनाच्या हातचे, टोचणारे, मंत्रसिद्ध शस्त्र त्याला दुप्पट इजा करी, एवढेच वर्म उरले. उलट त्याच्या पंजात शाप आला : ज्याला तो लागेल त्याला विश्रांती घेऊनही हुशारी येत नाही. शिवाय तो मेला तरी नरकात पुन्हा जन्म घेऊन सूड उगवावयास येऊ शकतो. युद्धाच्या दृष्टीने ही सुधारणा योग्यच म्हणावी लागेल.

एक उणीव मात्र १९७७ च्या ग्रंथापासून २०१४ च्या ग्रंथापर्यंत तशीच राहिली. प्रत्येक प्राण्याच्या टिपणात त्याची वृत्ती लिहिलेली असते, आणि राक्षसापुढे 'शिस्तबद्ध दुष्ट' असा शेरा आहे. शिस्तीचा भाग लंकेला शोभतो. सुंदरकांडात हनुमंताला त्या नगरीत वेदघोष ऐकू येतो. परंतु दुष्टता ज्यांच्या वाट्याला जातीनेच आली, अशांत बिभीषणाला जागा नाही. घटोत्कचालाही नाही. तो तर पांडवांच्या बाजूने लढला, आणि कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेविलेली इंद्राची एकच शक्ती रात्रीच्या युद्धात स्वतःवर खर्च करवून मेला. एका अस्त्राने एक राक्षस पडला खरा, पण त्या मरणाने त्याच्याच पक्षाचा जय सुकर केला. असा हिशेब त्या रकान्यांत बसत नाही.

ही उणीव केवळ श्रद्धेची नव्हे, खेळाचीही आहे. राक्षस हटकून दुष्टच असेल, तर त्याला ओळखणे एवढाच प्रश्न उरतो. ओळखला की बाण सोडावयाचा. युद्धकांडात याहून अवघड प्रसंग आहे. बिभीषण चौघा सोबत्यांसह समुद्र ओलांडून येतो आणि आकाशातूनच आपण कोण ते उघड सांगतो. येथे वेषांतर नाही, ओळख पटविण्याचे काम नाही. तरीही सुग्रीव म्हणतो की हा हेर आहे, याला मारावा. हनुमंत म्हणतो की याला घ्यावा. निर्णय रामाला करावा लागतो, आणि रावणाच्या भावाला तो अभय देतो.

मेजाभोवती फासे घेऊन बसलेल्या तरुणांपुढे एखाद्या सूत्रधाराने असा राक्षस आणून उभा करावा. कवच तेच, पंजे तेच, बाणही तोच असू द्यावा. फक्त त्याने स्वतःचे खरे नाव सांगून आश्रय मागावा, आणि मग बाण लावून बसलेल्या गड्याने काय करावयाचे ते ठरवावे.